‘करवत’चा दुसरा आवाज

खासबाग, बेळगाव
८ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
धाकट्या प्रशिकचा सप्रेम जय भीम. वि. वि.

घशाचं ऑपरेशन नीट झालं आणि तू निपाणीला घरी पोचलीस, हे अण्णांनी कळवलं. एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. मोबाइल हातात आला की बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून तू तो अण्णांच्या कपाटात ठेवायला दिलास, हे ऐकून युवराज एवढा हसला की त्याच्या हातातली ड्रमची काठी खाली पडली. तेव्हा आता पत्रं. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस, त्यामुळे चुका काढत बसू नकोस.

इकडे आपल्या ‘करवत’ बँडच्या दुसऱ्या अल्बमचं काम जोरात आहे. कारखाना सुटला की मी तसाच उद्यमबागच्या आपल्या शेडमध्ये जातो. युवराजचे ड्रम रेकॉर्ड झाले. माझी आणि श्रीनाथची गिटार दोन गाणी सोडून सगळीकडे झाली. ‘गोदाम’मध्ये आम्ही दोन्ही गिटारी एकमेकींत अशा गुंफल्यात की ओळीनं बसलेल्या बायका गात असाव्यात तसं वाटतं. त्यावर पोटातून निघालेली तुझी ती डरकाळी बसली की झालं. बेळगावातली एक मास्तरीण डेथ मेटल गाते, तेही मराठीत, हे पहिल्या अल्बमच्या वेळी लोकांना खरं वाटलं नव्हतं. आता वाटेल.

सौरव नावाचा अनगोळचा एकजण हल्ली येतो. विम्याच्या कचेरीत नोकरीला आहे, आपला पहिला अल्बम त्याला तोंडपाठ. शब्द कुठं पडतात ते आम्हाला कळावं म्हणून तो खुणेपुरतं गाऊन देतो. बाकी सगळं तुझ्यासाठी थांबलंय. पुण्याच्या स्टुडिओची तारीख मार्चअखेरची आहे, घाई नाही.

सुलाआत्याला आणि अण्णांना जय भीम. आहे तशीच माया राहू दे.

तुझा,
प्रशिक

*

निपाणी
१४ जानेवारी २०२५

चि. प्रशिक यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र मिळालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजल्या नाहीत, आजारी माणसाला एवढे कष्ट सोसत नाहीत.

मी दिवसभर पाटी घेऊन हिंडते. आत्याला वाचायचा कंटाळा, त्यामुळे पाटीकडं ती बघतच नाही. जन्मभर लई बोललीस, आता माझं ऐक, असं म्हणते आणि सुरू होते. काल सांगत होती, ती कामाला जायची त्या तंबाखूच्या गोदामात धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून बायका तोंडाला फडकं बांधायच्या आणि दिवसदिवस डोळ्यांनीच बोलायच्या. मुकादमावर हसायचं असलं की नुसत्या भुवया हलवायच्या. हे आधी कळलं असतं तर ‘गोदाम’मध्ये घातलं असतं.

प्रशिक, एक सांगते. रात्री झोप लागत नाही. तुम्ही तिघं कामावरून दमून येता, आणि माझ्या एकटीपायी सगळं अडून बसलंय. सर्दी असताना तालमीत ओरडू नको, असं युवराज म्हणाला होता. मी ऐकलं नाही. माझ्या हट्टाची शिक्षा तुम्ही भोगताय. त्याला सांग, आक्काला वाईट वाटतं.

त्या सौरवला माझा निरोप दे. घसा आवळून ओरडू नको म्हणावं, माझं तिथंच चुकलं. श्वास पोटात भरायचा, खांदे उचलायचे नाहीत. ओळ संपायच्या आधी दम संपला तर तिथंच सोडायचं, ओढायचं नाही. पाणी कोमट प्यायचं. खुणेपुरतं गाणाऱ्याचाही घसा घसाच असतो.

‘गोदाम’ मात्र त्याला खरोखरच खुणेपुरतं गाऊ दे. ते मी आत्यासाठी लिहिलंय, तिच्यासमोर मलाच गायचंय.

वेळेवर जेव. जीव आहे तुझ्यावर, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
आक्का

*

खासबाग, बेळगाव
२९ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कारखान्यात दोन पाळ्या चालू आहेत, मोठी ऑर्डर आहे. इथं थंडी बरी आहे. मालुबाई खानावळवाल्यांनी परवा तुझी चौकशी केली आणि तुझ्या नावानं मला एक भाकरी जास्त वाढली.

तुझा निरोप सौरवला वाचून दाखवला. त्याला खूप उपयोग झाला. सगळे म्हणाले, फरक पडला. तो पत्राचा कागद मागत होता, मी दिला नाही.

गाण्यांचं चाललंय. तू त्याचा विचार करू नकोस. रात्री झोपत जा. आमचं काही अडलेलं नाही, म्हणजे तसं नाही, पण तू जिवाला लावून घेऊ नकोस.

जास्त काय लिहू. राग मानू नये.

प्रशिक

*

निपाणी
३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रशिक यास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की, फोन करावा तर सुनयना याच खोलीत बसलेली असते. घर केवढं ते तुला माहीत आहे.

शुक्रवारी तिला घेऊन कोल्हापूरला गेलतो. डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला. जखम भरते आहे. महिन्याअखेरीस रोज थोडं थोडं बोलता येईल, जूनपासून वर्गात शिकवताही येईल. पण ते तुमचं ओरडायचं गाणं आता कायमचं बंद, असं ते स्पष्ट म्हणाले. पुन्हा तसा जोर दिला तर साधा बोलण्याचा आवाजसुद्धा राहायचा नाही.

बसमध्ये तिनं पाटीवर लिहून माझ्याकडून वचन घेतलं, की प्रशिकला यातलं काही सांगायचं नाही. येत्या रविवारी ती बेळगावला येणार आहे, आठही गाणी एका दिवसात गाणार आहे. त्यानंतर आवाज गेला तर गेला, पोरं माझ्यासाठी थांबलीत, असं तिनं लिहिलं. मी लई समजावलं. ती पाटी पुसून खिडकीबाहेर बघत बसली. सुला तर तिच्याशी भांडली, तुझ्या गाण्यापायी माझी गोदामात तोंड बांधून गेलेली वर्सं परत येणार हायती व्हय, असं म्हणाली. तरी ऐकत न्हाय.

एकतीस वर्षांच्या मुलीला दाराला कडी घालून ठेवता येत नाही. लेकीला दिलेला शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोडतो आहे, त्याचं मनाला लागतं. पण तिला थांबवेल तर तूच. काय करायचं ते कर.

तुझे,
अण्णा

*

खासबाग, बेळगाव
६ फेब्रुवारी २०२५

आक्का,
सप्रेम जय भीम.

हे पत्र युवराज मोटारसायकलवरून आणून देतोय. पोस्टानं रविवारच्या आत पोचलं नसतं, आणि फोनवर अण्णांच्या तोंडून तुला हे ऐकवायची माझी हिंमत नाही.

रविवारी येऊ नकोस. गाण्यासारखं काही उरलेलं नाही. आठही गाणी सौरवच्या आवाजात झाली, आणि मागच्या आठवड्यात पुण्याला गेलीसुद्धा.

वीस तारखेला स्टुडिओचा फोन आला. मार्चमधली तारीख रद्द झाली, फेब्रुवारीत या नाहीतर थेट सप्टेंबर, असं ते म्हणाले. युवराज म्हणाला, सप्टेंबर तर सप्टेंबर, आक्कासाठी थांबू. श्रीनाथही तेच म्हणाला. मी नको म्हणालो. लोक विसरतील, पहिल्या अल्बमचं नाव वाया जाईल, असं बरंच बोललो, आणि माझंच खरं केलं. सौरवनं विचारलं होतं, ताईंना माहीत आहे का. मी हो म्हणालो. तो निर्दोष आहे.

‘गोदाम’सुद्धा. तुझा निरोप आला त्याच आठवड्यात. श्वास पोटात भरायचा म्हणून तू लिहिलंस, ते वाचून दाखवलं आणि तसंच त्याच्याकडून गाऊन घेतलं. त्यानंतर तुला पत्र लिहायला बसलो तर काय लिहावं सुचेना.

अण्णांनी मला डॉक्टरांचं कळवलं, त्यांच्यावर रागावू नकोस. आणि आक्का, तुझा आवाज वाचावा म्हणून मी हे केलं असं मात्र समजू नकोस, कुणी म्हणालं तरी. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला अल्बम हवा होता. माझ्यासाठी थांबलेत असं मनात घेऊन तू तुझा घसा फाडायला निघालीस, आणि थांबलेलं कुणीच नव्हतं. हे मनातून जात नाही.

कव्हर अजून छापायचं आहे. सौरवचं नाव ‘पाहुणा आवाज’ म्हणून खाली बारीक अक्षरात घालावं, असं मला वाटतं. तू सांगशील तसं करू.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

प्रशिक

*

निपाणी
२ मार्च २०२५

प्रशिक यास,
जय भीम.

युवराज पत्र देऊन अंगणातच उभा राहिला, आत आला नाही. आत्यानं त्याला हाताला धरून आणलं आणि जेवायला घातलं. त्याला वाटत असावं, मी पाटी फेकून मारीन.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण खरं लिहायला धीर होत नव्हता. तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी मला सुटल्यासारखं झालं. रविवारची मला किती भीती वाटत होती, ते तेव्हा कळलं. बॅग भरून ठेवली होती, आणि रोज सकाळी वाटायचं, आज ताप यावा. ते ओझं उतरलं, आणि मागोमाग तुझा असा राग आला की अजून गेलेला नाही. माझ्या हातचा निरोप वापरून माझं गाणं तू दुसऱ्याकडून गाऊन घेतलंस. त्याला तोड नाही. स्वतःची बाजू सावरली नाहीस, एवढं बरं केलंस.

युवराजनं अण्णांच्या मोबाइलवर गाणी टाकली होती. मी चार दिवस हात लावला नाही. शेवटी आत्याच म्हणाली, लाव गं, माझ्या नावाचं हाय न्हवं. ‘गोदाम’ लावलं. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ह्यो पोरगा रडतोय, तू असतीस तर भांडली असतीस. मग थोड्या वेळानं म्हणाली, पुन्यांदा लाव. मला वाईट वाटलं ते याचंच, की तो चांगला गातो.

‘पाहुणा’ वगैरे काही घालू नकोस. आठही गाणी त्यानं गायलीत, तो पाहुणा कसला? आवाज म्हणून त्याचं नाव, शब्द म्हणून माझं, दोन्ही एकाच अक्षरात. मला बरं वाटावं म्हणून त्याला लहान करू नकोस. आम्हा दोघांना फसवलंस तेवढं पुरे.

शुक्रवारी डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली, दिवसातून थोडा वेळ. घरी आल्यावर अण्णा आणि आत्या समोर बसून राहिले, मी आता काहीतरी बोलेन म्हणून. मी कपाटातून मोबाइल घेतला, मागच्या दारी गेले आणि सौरवला फोन लावला. गाणी ऐकली, चांगली गायलास, एवढंच म्हणाले. मग त्यानं विचारलं, कोण बोलतंय.

पहिला अल्बम तोंडपाठ असलेल्या माणसाला माझा आवाज ओळखता आला नाही.

मी नाव सांगितलं. तो रडायला लागला, ताई, मला माहीत नव्हतं, असं पुन्हा पुन्हा म्हणू लागला. त्या दिवशीचं माझं उरलेलं सगळं बोलणं त्याची समजूत काढण्यात गेलं. अण्णा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

रविवारी घरी ये. एकटा ये. काय बोलायचं ते मला ठाऊक नाही, आणि ओरडता तर येणार नाही, तेवढं तुझं फावलं.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. मी लिहीत नाही. तो आहेच, आणि सध्या त्याचाच त्रास होतोय.

तुझी,
आक्का