डांबरगटाचा पहिला माणूस

१४ सप्टेंबर

प्रिय लेकालमामा,

सावमाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आई त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. वरच्या वावरात रानडुकरं घुसून रताळी फस्त करून गेली. त्यांच्या नावाने आई जे काही बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कुलासमामाकडून तुझ्या बांधकामाच्या साइटवरच्या खोलीचा पत्ता घेतला. रागावू नकोस त्याच्यावर, मीच मागे लागले होते.

माझं संशोधन कुठवर आलं हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. विषय तुला माहीत आहे. आपल्या किनाऱ्यावरची सुपारी खाणारी माणसं तोंड तपासून का घेत नाहीत, आणि गावसभेने काय केलं तर घेतील. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू हसून हसून लोळला होतास. "लोकांच्या तोंडात बघायचे पैसे देतं होय सरकार? मग आमच्या मुकादमाच्या तोंडात बघायला ये, शिव्याच शिव्या सापडतील!"

तर मे महिन्यात तपासणीची गाडी गावात आणली. सगळं मी ठरवलेलं. म्हटलं, आधी तरुणांना बसवू, ती पोरं घाबरत नाहीत, मग बाकीचे येतील. पोरं आली, गाडीभोवती कोंडाळं करून उभी राहिली, आणि एकही आत जाईना. "अरे, डॉक्टर चावत नाही!" मी ओरडले. तर त्यांच्यातला फुतिंग म्हणतो, "ताई, वरचे गट अजून बसले नाहीत. आम्ही आधी कसं बसायचं?"

अगं बाई! ज्या गावात वयाने वरच्या गटाने उचलल्याशिवाय खालचा गट मटणाच्या तुकड्याला हात लावत नाही, त्या गावची मी मुलगी. आणि विद्यापीठात बसून मी उलटी रांग लावली! आईने तर मला दिवसभर धारेवर धरलं.

दुसऱ्या दिवशी आधी म्हाताऱ्यांचा गट बसवला. काय धमाल! नामोआजोबांनी आ केला आणि म्हणाले, "दात तर नाहीत. जीभ आहे अजून. ती कशी चालते ते बायकोला विचारा." डॉक्टरीणबाई लाजून लाल झाल्या.

मग तुमचा डांबरगट आला. गावात डांबरी रस्ता आला त्या वर्षी तुम्ही सगळी पोरं मिळून पुरुषांत आलात, म्हणून म्हाताऱ्यांनी हे नाव ठेवलं, आणि तुम्ही ते मिरवता. अंघोळ करून, धुतलेले शर्ट घालून आले सगळे. दारापाशी थांबले. "आमचा पहिला माणूस कुठाय?"

मी म्हटलं, "मामा कामावर आहे. कुलासमामा, तुम्ही बसा ना पहिले."

कुलासमामाने माझ्याकडे असं बघितलं की मला भूमी दुभंगावी असं झालं. "लेकालच्या आधी? का गं, मेला का तो?"

त्यांच्यातला कोणी बसला नाही, म्हणून खालच्या गटांतलं कोणी बसलं नाही. गाडी संध्याकाळी परत गेली. आमच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, "लिही की, मध्यमवयीन पुरुषांचा प्रतिसाद कमी." ते वाक्य अजून माझ्याच्याने लिहवत नाही. प्रतिसाद कमी नव्हता, मामा. ते तुझी वाट बघत होते.

तू कापणीच्या सणाला येशील असं सगळे धरून चाललो होतो. इतक्या वर्षांत तुझा सण चुकला नव्हता. आईने तुझ्यासाठी भात चिकट होईपर्यंत कुटला. नाचाच्या रिंगणात तुमच्या गटाने तुझी जागा मोकळी ठेवली, दोन्ही बाजूंच्यांनी तिथे हात धरले नाहीत. गाणं तू उचलायचंस आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, ही तर तुमची रीत. शेवटी कुलासमामाने उचललं. भलत्याच सुरात. म्हाताऱ्या बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मी शेडमागे जाऊन रडले. मामा, मला तुझी फार आठवण येते. लहानपणी मी रिंगणाबाहेर झोपी जायचे ती तुझ्या आवाजावर. आता गाण्यात तो आवाज शोधते, आणि नसतो.

साइटवर सुट्टी मिळाली नाही असा निरोप तू धाडलास. तुझा दात दुखतो, असं कुलासमामा म्हणाला. वसंतात तो तुझ्याकडे राहून आला ना. "मिरची सोडलीय त्याने. पेजच पितो," म्हणाला. मी विचारलं, कशाने पितो? तर म्हणाला, "चमच्याने. लहानसा असतो ना, बाळाचा, तसला."

त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

मामा, दात दुखला म्हणून कोणी बाळाचा चमचा घेत नाही. मी हे रोज शिकते, गावोगाव सांगत हिंडते. सुपारीने गाल आतून ताठ होतात, आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. तीन बोटं उभी धर, दातांमध्ये जातात का बघ. नाही जात ना? तू बघून ठेवलंयस, मला ठाऊक आहे. तू यायचा थांबलास ते सुट्टी नव्हती म्हणून नाही. गाणं उचलायला तोंड उघडत नाही, आणि ते गावासमोर दिसू नये, म्हणून थांबलास. त्यात लाजायचं काय रे? ज्याच्या त्याच्या अंगणात सुपारी आहे, पाहुणा आला की पहिली तीच पुढे करतो आपण. तू काही वेगळं केलं नाहीस. आणि हे वाईटातलं वाईटच असेल असंही नाही. पण दाखवल्याशिवाय ते कळत नाही, आणि उशीर केला तर हाती काही राहत नाही.

मी हे आईला सांगितलं. ती रडली नाही. उठली, हात पुसले आणि कुलासमामाच्या घरी गेली. तिथे तुमचा सगळा गट जमला. मला वाटलं, आता तरी कुलासमामाला पुढे करतील. त्याच्याही गालाला आतून पांढरा डाग आहे, मामा. तो मोठ्याने हसताना मीच बघितला. किती विनवलं. त्याचं एकच, "आधी लेकाल."

शेवटी त्यांनीच ठरवलं. पहिला माणूस गाडीपाशी येत नाही ना, तर गट त्याच्यापाशी जाईल. शनिवारी सकाळच्या गाडीने सगळे तुझ्याकडे निघालेत. धुतलेल्या शर्टांत. तुझ्या साइटजवळच्या रुग्णालयात मी सगळ्यांची सोय लावली आहे. कोणी तुला गाणं म्हणायला सांगणार नाही, बोलायलाही नाही. तुझ्यासाठी आई पेज घेऊन येतेय.

दार लावून घेऊ नकोस. लावलंस तर ते बाहेर पायरीवर बसून राहतील, तू ओळखतोस त्यांना. आणि एक ऐक, मामा. तू डॉक्टरपुढे बसला नाहीस तर कुलासमामा बसणार नाही, आणि बाकीचेही तसेच परत येतील. माझ्या सांगण्याने कोणी आ करत नाही. तूच कर.

रांगेत तुझ्यामागे उभी असलेली,
तुझ्या बहिणीची लेक,
सावमा