तोडलेल्या सागाची एकेचाळीस रोपे

मी, वासंती बाळकृष्ण देऊळगावकर, वय अडुसष्ट, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार तारनाका, हैदराबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल तशी खात्री देत नाही.

१. राहत्या घरातील यजमानांमागे माझ्याकडे आलेला अर्धा हिस्सा चिरंजीव गिरीश यास मिळावा. दुसरा अर्धा माझे धाकटे दीर प्रतापराव यांचा आहेच. अंगणात मधे भिंत घालू नये.

२. बँकेतील ठेव मुलगी हर्षदा हिला. दागिने तिने आधीच नेले आहेत. तक्रार नाही, नोंद आहे.

३. मागच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला साग होता. तसा सरळ साग मी दुसरा पाहिला नाही. बियांपासून हुबेहूब तसाच मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी टिश्यू कल्चरच्या मागे लागले. कोंबाचा गव्हाएवढा तुकडा घ्यायचा आणि निर्जंतुक बाटलीत साखर-क्षारांच्या खळीवर वाढवायचा. दोन वर्षे कॉलेजात बाटल्या लावल्या. काहींत बुरशी आली, काही काळ्या पडल्या. मूळ एकालाही फुटले नाही.

१९९१ च्या मे महिन्यात मी हर्षदाच्या बाळंतपणाला पुण्यास गेले. परतले तेव्हा अंगणात फक्त बुंधा होता.

"वहिनी, वरच्या मजल्याच्या दारांना लाकूड हवं होतं," प्रतापराव म्हणाले.

मी त्यांच्याशी आठ महिने बोलले नाही.

ऑगस्टात बुंध्याला धुमारे फुटले. रागातसुद्धा कुतूहल गप्प बसेना. तेही बाटल्यांत लावले आणि त्या बाटल्या घरीच ठेवल्या. ऑक्टोबरच्या एका सकाळी एका बाटलीच्या तळाशी पांढरा दोरा दिसला. मूळ! घरात सांगायला प्रतापरावच होते, आणि त्यांच्याशी तर अबोला. मी मोलकरीण गंगूला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "अम्मा, एवढंसंच?"

४. पुढे सागाच्या कंपन्यांचे पेव फुटले. आबिड्सच्या अशाच एका कंपनीच्या मालकांनी मला बोलावले. वीस वर्षांत झाड तयार होईल, असे माझ्या सहीने छापायचे होते. मी म्हटले, "मला माहीत नाही."

"मॅडम, लोगां 'मालूम नहीं' नहीं खरीदते."

मी चहा संपवला आणि बस धरली. वर्षभरात त्या कचेरीला कुलूप लागले. माझे नाव कोणत्याही रोपाच्या विक्रीसाठी वापरू नये.

५. एकेचाळीस रोपे जगली. कुठे कोणते लावले ते हिरव्या वहीत आहे. ती वही नात नेहा, गिरीशची मुलगी, हिला. तिला मराठी अडखळत वाचता येते, म्हणून गिरीशने मोठ्याने वाचून दाखवावी. सगळी एकाच झाडाची, तरी नारायणगुड्याच्या शाळेतले वाकडे का वाढले? भिंतीची सावली, पाणी, की आणखी काही? मला कळलेले नाही. दर जानेवारीत घेर मोजावा आणि जे दिसेल तेच लिहावे, हवे ते नव्हे.

६. प्रतापरावांबद्दल. म्हाताऱ्या झाडाचे कोंब सहसा मूळ धरत नाहीत. झाड तोडले की बुंध्याचे धुमारे कोवळ्या रोपासारखे वागतात. त्यांनी कुऱ्हाड घातली नसती, तर माझ्या बाटल्या आजही काळ्याच पडत असत्या. हे मला सात वर्षे ठाऊक आहे आणि मी त्यांना सांगितले नव्हते.

आज सकाळी पाचवे कलम आणि हे इथपर्यंत त्यांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे वहिनी, मी बरोबर केलं?"

"नाही. चूकच केलीत. पण तिच्यावाचून माझं काम झालं नसतं."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "शाळेतलं ते वाकडं झाड मला दाखवाल? मी अजून एकही पाहिलेलं नाही."

सही झाली की आम्ही रिक्षाने नारायणगुड्याला निघणार आहोत.

वरील मजकूर मी वाचून, खाडाखोड न करता, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

वासंती बा. देऊळगावकर

साक्षीदार:
१. मुकुंदराव हसनाबादकर, वकील
२. डॉ. नीलिमा परांडेकर

तारनाका, हैदराबाद
दि. ९ नोव्हेंबर १९९८