ट्रॅक्टर थांबल्यावर

१२ जानेवारी १९८६, ढोकी

शिवलिंगनं बहिणीच्या लग्नाचा फोटो आमच्या फोटोच्या दुकानात परत आणून टेबलावर ठेवला. ‘महारुद्रभाऊ, नवरीचं डोळं कुठं गेलं?’ हे चिडले. ‘दारावरनं कारखान्याचे उसाचे ट्रॅक्टर चाललेत दिसभर. जमीन हलती, फोटो मोठा करायचा एन्लार्जर हलतो. फोटो शार्प कसा यील?’ शिवलिंग फोटो तिथंच ठेवून निघून गेला. त्याचं मला पटलं होतं — पण नवऱ्याची बाजू सोडवत नाही.

१५ जानेवारी

एन्लार्जरखाली पोतं, पोत्याखाली सायकलची जुनी ट्यूब. ट्रॅक्टर लांब गेला की मी डार्करूमच्या दाराबाहेरून ‘हं’ म्हणायचं, मग हे कागदावर उजेड सोडणार. संसारात माझं एवढं कधी ऐकलं नाही!

तरी फोटो धूसरच.

३ फेब्रुवारी

कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. पाऊस नाही तर ऊस कुठला! रस्त्यावर चिटपाखरू नाही.

५ फेब्रुवारी

आज सबब उरली नव्हती. खिडकीला घोंगडी लावून दोघं आत बसलो. ह्यांनी चाक फिरवून फोकस लावला. ‘बास, आला.’ खाली उजेडात नवरीच्या पापण्या एकमेकींत मिसळलेल्या. हे कागदाचा डबा चाचपायला वळले, तेवढ्यात मी चाक किंचित फिरवलं. पापण्या सुट्या झाल्या.

शिवलिंग फोटो बघून खूश. हे म्हणाले, ‘बघितलंस मुक्ता? ट्रॅक्टरच व्हते.’

मी व्हय म्हणाले, आणि न्हाणीत जाऊन रडले.

१८ फेब्रुवारी

सोलापूरचे डॉक्टर म्हणाले — ह्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, चष्म्यानं भागणार नाही, आहे ती नजरही जाईल. येताना एसटीत ह्यांनी खिडकीची जागा मला दिली. ‘तूच बघ भाईर.’

२० फेब्रुवारी

सकाळी चहा घेता घेता म्हणाले, ‘चाक तू फिरवलंस, म्हाईत हाय मला.’ मी कपबशी खाली ठेवली. ‘लग्नानंतर तुळजापूरला काढलेली तुझी निगेटिव्ह हाय. ती मोठी कर. फोकस तूच लाव. दिसतंय तवर तुला बघून ठिवतो.’

१० मार्च

हापसा आटला. प्यायला पाणी नाही, एवढा मोठा फोटो धुवायचा कशात? कमी पाण्यात धुतला की पिवळा पडतो. हे म्हणतात, ‘ऱ्हाऊ दे. घाई न्हाय.’

घाई आहे.

२९ एप्रिल

टँकर आला नाही.

१४ मे

जेवताना ह्यांचा हात ताटाबाहेर गेला. मी ताट सरकवलं.

२ जुलै

विहिरीला पाणी आलं. काल दिवसभर खपून तुळजापूरचा फोटो केला आणि हंड्यामागून हंडे ओतून धुतला. असा शार्प कधी आमच्या दुकानातून गेला नसेल. केसातली अबोली फूल फूल दिसते. आज वाळला तसा ह्यांच्या हातात दिला.

उंबऱ्यात उभे राहिले, उजेडाला धरला, पार नाकापर्यंत नेला. खूप वेळ बघितला.

‘लई शार्प आलाय. केस न् केस दिसतोय.’

फोटो उलटा धरला होता. डोकं खाली.

मी व्हय म्हणाले.