मस्कतच्या बाटलीतलं तेल

कोपरखैरणे, मंगळवार, १२ मार्च १९९६

तीनदा हात धुतले, तरी तो कडवट वास जात नाही.

सुनंदा बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा महिना. दुपारी कंबर दुखते म्हणाली, म्हणून भावजींनी मस्कतहून आणलेलं तेल मी तसंच चोळलं, खोबरेलात न मिसळता. ती झोपल्यावर शेजारच्या नर्सबाई दारात आल्या. माझ्या हाताचा वास घेऊन हळूच म्हणाल्या, "काकू, हे हिराबोळाचं तेल. पोटुशीला लावलंत? आधी पुसा, मग साबणाने धुवा. पोटात दुखलं तर लगेच दवाखान्यात न्या."

हिराबोळ. सुनंदा झाली तेव्हा मीच गुळातून खाल्लाय. पण बाळंत झाल्यावर. त्याआधी, अवेळी कळा सुरू होतील म्हणून, सासूबाई डबीलासुद्धा हात लावू देत नसत. वास ओळखीचा वाटला होता, मग हात का थांबला नाही? परदेशी बाटलीत होतं म्हणून?

तिला उठवून कंबर धुतली. "आई, कसलं तेल होतं गं?"

"तिळाचं."

मघाशी तिने माझा हात पोटावर ठेवला. "बघ, लाथ मारतंय." मारत होतं. मी हात काढून घेतला. वास अजून होता.