हसऱ्या सूर्याचा खून

२ मार्च, सोमवार

आजपासून रागावणं बंद. कायमचं. मुळात मी शांत माणूस. लोक डिवचतात, एवढंच. आज तक्रारखिडकीवर एकजण गळका गिझर घेऊन आला आणि म्हणाला, तुमच्या कंपनीचं डोकंही असंच गळतं का? मी फक्त त्याची पावती खाल्ली. चावली, खरं तर. गिळली नाही. साहेबांनी आत बोलावलं. म्हणाले, मन शांत करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, एखादा घ्या, नाहीतर खिडकी सोडा.

बायकोनेही आजचाच दिवस निवडला. कपाटाच्या दाराला पडलेलं भोक दाखवलं (माझ्या मुठीएवढं आहे, योगायोग) आणि म्हणाली, अहो, या घरात आता एक जरी वस्तू फुटली तर मी मशीन उचलून भावाकडे जाईन. मशीन म्हणजे तिचं भरतकामाचं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन ती कापडावर भरतं. एका हॉस्पिटलच्या नर्सेसच्या गणवेशांवर बिल्ले भरायचं काम आलंय, वीस तारखेला द्यायचंय. तिचं पहिलं मोठं काम. मी म्हटलं, काही फुटणार नाही.

३ मार्च, मंगळवार

‘प्रसन्न मन’ नावाचा प्रोग्रॅम उतरवला. वाचत कोण बसतं? नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. समुद्राचा आवाज येतो. त्याच्याबरोबर, न मागता, एक पिवळा सूर्यही आला. स्क्रीनच्या कोपऱ्यात बसतो. त्याला दात आहेत. थोड्या थोड्या वेळाने गरगर फिरतो आणि लाडिक आवाजात विचारतो, आज हसलात का? खाली दोन बटणं: ‘हो’ आणि ‘नंतर विचारा’. ‘नाही’ नाहीच.

‘हो’ दाबलं. तरी नंतर विचारलंच.

५ मार्च, गुरुवार

सूर्य अनइन्स्टॉल केला. जाताना म्हणाला, खरंच जाऊ? आपल्याला तर एकमेकांची सवय झाली होती. गेला. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. बसलाय दात काढून! तळपायाची आग मस्तकात गेली. माउस भिंतीवर आपटला.

म्हणजे माउस हातातून निसटला. जोरात निसटला, हे मान्य. त्याचं पोट फुटून आतडी बाहेर आली. बायको घरी यायच्या आत तसाच दुसरा आणून जोडला. फुटला तो आता घरात नाही, त्यामुळे घरात काही फुटलेलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

बायकोला सूर्य दिसला. ती म्हणाली, भाऊ पुढच्या रविवारी येतोय, तोवर हात लावू नका. मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन त्यानेच जोडून दिलं आणि त्या दिवशी एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवला, ‘मशीन जोडलं’ नावाचा. काही बिघडलं की कॉम्प्युटर त्या दिवसावर मागे न्यायचा. नक्ष्या जागच्या जागी राहतात, प्रोग्रॅम मात्र तेव्हा होते तसे होतात. मशीनच्या प्रोग्रॅमची सीडी हरवल्यामुळे तोच एक आधार, असं बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. सीडी मी गच्चीवरून भिरकावली होती. म्हणजे हरवलीच की.

पण एका दातऱ्या सूर्यासाठी मेहुण्याचे पाय धरायचे? मी त्याची मुंडी स्वतः मुरगळणार.

८ मार्च, रविवार

अभ्यास केला. इंटरनेटवर एक शहाणा लिहितो, नको असलेला प्रोग्रॅम काढण्याआधी नेहमी रिस्टोअर पॉइंट करा. पटलं. मी बेशिस्त नाही. प्रत्येक हल्ल्याआधी एक पॉइंट.

‘हल्ला’ केला. ज्या फोल्डरचं नाव संशयास्पद वाटलं त्याचा गळा दाबला. सूर्य उठला. ‘हल्ला दुसरा’ केला. ज्या फोल्डरचं नाव संशयास्पद वाटलं त्याचा गळा दाबला. सूर्य मेला! कॉम्प्युटरही मेला. ‘हल्ला दुसरा’वर मागे गेलो. कॉम्प्युटर जिवंत, सूर्यही जिवंत, वर विचारतो, आज हसलात का?

कपाटाला दुसरं भोक. पहिल्याच्या शेजारी, त्यामुळे नवीन म्हणता येणार नाही.

१० मार्च, मंगळवार

‘खांडोळी’, ‘खांडोळी पुन्हा’, ‘कोथळा’, ‘कोथळा अंतिम’, ‘कोथळा खरोखर अंतिम’. इतके पॉइंट एका माणसाने कधी केले नसतील. माझ्याइतका सुरक्षित कॉम्प्युटर कुणाचाच नाही.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, प्रोग्रॅमचा उपयोग होतोय ना? मी हसलो. साहेब एक पाऊल मागे सरकले.

१४ मार्च, शनिवार

कापड आज आलं. बायकोने मशीन सुरू केलं, नक्षी पाठवली. मशीन ढिम्म. कॉम्प्युटर म्हणतो, असं कुठलं मशीन मला ठाऊक नाही. तिने दोनदा, तीनदा करून पाहिलं. मग विचारलं, तुम्ही हात लावलात? मी म्हटलं, सूर्याने केलं असेल. ती कापडाच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसून राहिली. ओरडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

संशयास्पद फोल्डर मशीनचं होतं, असं आता वाटतं.

काळजीचं कारण नाही. उद्या मेहुण्याच्या देखत मीच ‘मशीन जोडलं’वर मागे जाऊन दाखवणार.

१५ मार्च, रविवार

मेहुण्याला खुर्ची दिली नाही, मीच बसलो. रिस्टोअरची यादी उघडली. ‘कोथळा’ होता. ‘कोथळा अंतिम’ होता. ‘खरोखर अंतिम’ही होता. ‘मशीन जोडलं’ नव्हता.

मेहुणा शांतपणे म्हणाला, भाऊजी, पॉइंट ठेवायला जागा ठरावीक असते. नवे येत गेले की सगळ्यात जुना आपोआप पुसला जातो. तुम्ही इतके केलेत की मूळचा ढकलला गेला. आणि तुमचे उरलेत ते सगळे मशीन मोडल्यानंतरचे. त्यातल्या कुठल्याही दिवशी गेलात तरी ते मोडलेलंच. एवढं बोलून तो हसला. वाईट मनाने हसला नसावा. नेमका तेव्हाच सूर्य म्हणाला, आज हसलात का?

मी कीबोर्ड उचलला. मारायचा होता सूर्याला. पण वायर ताणली गेली, कीबोर्ड फिरला आणि मेहुण्याच्या भुवईवर बसला. केवढं रक्त! त्याच्या शर्टावर, नव्या कापडावर, माझ्या मनगटावर. स्पेसबारची कड भुवईत घुसली होती. मी म्हणत होतो, वायरमुळे झालं, वायरमुळे. कुणी ऐकत नव्हतं.

बायकोने त्याच कापडाने त्याची भुवई दाबून धरली आणि त्याला दवाखान्यात नेलं. टाके पडले. परत आली ती मशीन न्यायला. एकटीने उचललं. मी हात द्यायला पुढे झालो तर ती दचकून मागे सरली. हे मात्र लागलं. मी तिच्यावर हात कधी उचललेला नाही. तिच्या आजूबाजूच्या सगळ्यावर उचलला.

१६ मार्च, सोमवार

रजा. माळ्यावरून हातोडा काढला. स्क्रीनचं थोबाड फोडलं. काचा दातात येईपर्यंत फोडलं. कॅबिनेटला लाथ घातली, पायाचा अंगठा सुजला. मग खाली बसून धापा टाकत राहिलो. बरं वाटायला हवं होतं.

टेबलाखालच्या स्पीकरमधून आवाज आला, आज हसलात का?

२२ मार्च, रविवार

मेहुण्याकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. भुवईवर पट्टी. आत जाऊ दिलं, हा त्याचा मोठेपणा. कोपऱ्यात मशीन बंद होतं. बायको हाताने बिल्ले भरत होती. तिची बोटं सुजली होती. हॉस्पिटलने आठवडाभर मुदत वाढवून दिली, असं मेहुणा म्हणाला.

मी भाषण पाठ करून गेलो होतो. म्हटलं, झालं गेलं विसरू. आपण मागे जाऊ, जेव्हा सगळं ठीक होतं तिथे.

तिने सुई थांबवली. म्हणाली, तारीख सांगा.

मी म्हटलं, मागचा वाढदिवस. तिने आठवण करून दिली, आरसा. मग म्हटलं, नव्या घरातला पहिला दिवस. ती म्हणाली, बाथरूमचं दार. लग्नानंतरचं पहिलं वर्ष म्हणणार होतो, पण त्या वर्षातला तिच्या आईने दिलेला टेबललॅम्प मलाच आठवला. शेवटी म्हटलं, लग्नाच्या आदल्या दिवशी तर ठीक होतं ना? ती म्हणाली, हो. तेव्हा मी इथेच राहत होते. आणि पुन्हा सुई चालू केली.

घरी आलो. कॉम्प्युटर त्या दिवसापासून चालूच आहे, बंद करायचं बटण माझ्या हातोड्याखाली गेलं. खुर्चीवर बसून तारीख शोधतोय. एखादी असणारच.

सूर्याने विचारलं, आज हसलात का? स्क्रीन नाही, त्यामुळे बटणंही नाहीत. मी तोंडानेच म्हटलं, नंतर विचार.