आत्यांची मिसरी आणि दादांची भुकटी

नाशिक, १४ जुलै १९९८

चि. सोमनाथभाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद. आज मंगळवार. सकाळपासून भुरभुर आहे. भाजी आणली, दळण टाकले, तुमच्या दादांच्या फोटोला हार घातला. तुमचा खोकला कसा आहे? तुमच्या छोट्या सृष्टीचा दुधाचा दात पडला का?

तुम्ही सोबतीला पाठवलेल्या रंगूआत्या दिवसभर बोलतात. (मी बोलत नाही, म्हणून जमते.) आज त्यांची मिसरी संपली. दादांनी जाण्याआधी सातपूरच्या शेडमध्ये केलेल्या काळ्या भुकटीची छोटी कुपी मी फोटोपुढे ठेवली होती. आत्यांना वाटले, सुनेने आपल्यासाठीच आणून ठेवली. त्यांनी बूच काढून भुकटी ओल्या तळहातावर घेतली, आणि बोट दाताला लागायच्या आत दादांच्या फोटोकडे बघून किंचाळल्या, "अगं बया, ही कसली मिसरी? तबेल्याचा वास मारतीय! मेल्या, आता तरी नीट वाग की!" (बोलून गेल्यावर त्यांचे त्यांनाच उमगले. आम्ही दोघी रडलो, मग खूप हसलो. दादा गेल्यापासून मी हसले नव्हते.)

हसता हसता मी थांबले. तो वास अमोनियाचा होता, भाऊजी! दादा गॅडोलिनियम धातूचा चुरा नायट्रोजन वायूत तापवायचे. भट्टीत हवा शिरली की पांढरे भस्म हाती यायचे. साधले, तर काळे नायट्राइड. त्याला पाणी लागले की अमोनिया सुटतो, म्हणून ते कोरड्या बाटलीत बूचबंद ठेवायचे. अतिथंड केले की ते लोहचुंबकासारखे वागते, आणि फार खालच्या तापमानापर्यंत थंड करणाऱ्या यंत्रांसाठी अभ्यासक ते तपासतात. तुम्ही मात्र "वहिनी, दादांनी काजळीच पाडली, भट्टी भंगारात काढू" म्हणालात. काजळीला तबेल्याचा वास येतो का?

त्याच भुकटीची मोठी बाटली कपाटात बंदच आहे. पुण्याच्या ज्या संशोधकांनी नमुना मागितला होता, त्यांना ती पाठवते. आत्यांचा हात लगेच धुतला, त्या खुशाल आहेत.

तुमची,
प्रतिभावहिनी

ता. क. रविवारी येताना आत्यांची मिसरी आणा.

ता. क. भंगारवाल्याला आणू नका. भट्टी विकायची नाही. मी बी. एस्सी. आहे, हे तुम्ही सगळे विसरलात. दादा विसरले नव्हते. अगदीच शब्द दिला असेल, तर माझा जुना स्टोव्ह त्याला द्या.

ता. क. आत्या देवळात गेल्या आहेत. घर शांत आहे. मेणबत्ती पेटवली आहे, मोठ्या बाटलीच्या बुचाभोवती मेण ओतते आहे.