करमाडची कालवड

पडेगाव, ता. ४ ऑक्टोबर १९६७

ती. केरबादादा यांस,
मल्हाररावाचा सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. हाल फक्त माझ्या कानांचे. तुमची मेहुणी म्हाळसाबाई बहिणीला भेटून करमाडहून आली तेव्हापासून एकच जप चाललाय. दगडाक्काच्या गोठ्यात कालवडी कशा ओळीनं उभ्या, अन् आपल्याकडं नुसत्या म्हाताऱ्या. चार गाई आटत आल्या हे मलाही दिसतं. रतीब चुकला की गिऱ्हाईक दुसरा गवळी धरतं.

पण दादा, कालवड तीन वर्षं खाते, मग कुठं दूध देते. म्हणून वासरू जरा चरायला लागलं की मी विकतो, अन् गरज पडली की छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून तयार कालवड आणतो. एका शेळीवर संसार उभा केलेल्या माणसाला हिशोब कळतो, एवढं तिला तुम्हीच समजवा. ती माझं ऐकत नाय, तुमचं ऐकते. हेही एक दुखणंच.

लोभ असू द्यावा, थोडा माझ्याही वाट्याला.
आपला, मल्हारराव

करमाड, ता. १० ऑक्टोबर

रा. रा. मल्हारराव यांस,
केरबाचा रामराम वि. वि.

पत्र दगडाबाईनं दोनदा वाचून घेतलं अन् लई हसली. हेवा काय तुम्हालाच वाटतो व्हय? शहर तुमच्या दारात, दूध धारोष्ण विकलं जातं. माझं मोटारीच्या टपावर डचमळत जातं अन् उन्हाळ्यात नासतं. ते आठवलं की मलाही रात्री कूस बदलावी लागते.

पण बाजारात जनावर मिळतं, त्याचं घराणं मिळत नाय. माझ्या कालवडीची आई, आजी मला ठाऊक असते. तुम्ही दावं घेऊन या, पसंत पडेल ती सोडून न्या. साडवाकडं मागायला लाज कसली?

मेहुणीला आशीर्वाद. येणं करावं.
केरबा

पडेगाव, ता. २१ ऑक्टोबर

ती. केरबादादा यांस,
सा. न. वि. वि.

बोलावलंत, उपकार. पण मल्हारराव मागत नाय!

गुरुवारी बाजारात देवणी जातीची एक देखणी कालवड पाहिली. दोन हेडी, म्हणजे तेच ते गुरांचे दलाल, रुमालाखाली बोटं धरून सौदा करत होते. एक दुसऱ्याच्या कानाशी लागला की ही करमाडच्या केरबाची, जिवापाड जपलेली, नाइलाजानं विकलेली. माझे कान तुम्हाला ठाऊकच आहेत. घासाघीस न करता मी मधेच शिरून दावं धरलं.

तीन वर्षं तुम्ही चारलं, आता दूध मी काढणार! म्हाळसाबाईनं तिच्या पायांवर पाणी घालून कुंकू लावलं. कुठली ते तिला सांगितलं नाय. पुन्हा करमाडचीच आरती सुरू व्हायची. रागावू नका, हसा.

कृपा आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
मल्हारराव

करमाड, ता. २८ ऑक्टोबर

रा. रा. मल्हारराव यांस,
रामराम.

हसू आलं नाय. ती कालवड गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मली. अशी सहसा गाभण राहत नाय. मी वर्षभर वळू दाखवून पाहिला. हेड्याला हे सगळं साफ सांगून दिली होती. तुमचे कान तिखट हे साऱ्या बाजाराला माहीत आहे. ती कुजबूज तुमच्याचसाठी होती, बाबा. इथं आला असता तर गोठ्याच्या दारातच सांगितलं असतं.

तिला परत धाडा, बदली दुसरी न्या. मेहुणीला आम्ही कळू देणार नाय.

मन मोठं करून यावं.
केरबा

पडेगाव, ता. ९ फेब्रुवारी १९६८

ती. केरबादादा यांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. बदली घेतली असती तर जन्मभर तुमच्यापुढं मान खाली राहिली असती, म्हणून आलो नाय. ती कालवड गाभण राहिली नाय, जुन्या गाई आटल्या, गिऱ्हाइकं तुटली. म्हाळसाबाईला मीच सगळं सांगितलं. ती रागावली नाय, हसली. ते जास्त लागलं.

पंधरा दिवसांमागं आमची कपिली व्याली. कालवड झाली. मागून गोऱ्हा येतोय की काय म्हणून मी कितीतरी वेळ तिथंच बसून होतो. एकटीच आली! ही विकायची नाय असं मी चारचौघांत बोललो, तरी म्हाळसाबाईला माझा भरवसा नाय. गोठ्याच्या तोंडाशी बाज टाकून निजते. वासरू तिची बोटं चोखतं, तिच्या मागं मागं फिरतं, अन् मी जवळ गेलो की ढुशी मारतं. तुमच्यावर जळायचो ते करमाडएवढं लांब होतं, सोसवायचं. आता हे रोज डोळ्यांपुढं आहे.

तेव्हा दादा, एक मागतो. कालवडीला आपला लळा लागावा म्हणून तुम्ही काय करता ते सविस्तर कळवा. पत्र माझ्याच हाती पडेल असं धाडा.

लोभाचा भुकेला,
मल्हारराव